खुर्ची कुणाच्या मापाची?

आजीला बांधायची परवानगी मी दिली. फोनवर, बसमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने वरची दांडी धरून.

पलीकडून मावशी बोलत होत्या. आजीला आम्ही ज्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं, तिथे त्या दिवसपाळीला असत. “ताई, आजी खुर्चीतून सारख्या खाली येतात बघा. काल तर जमिनीवरच बसलेल्या सापडल्या. कमरेला साडीची पट्टी बांधू का? पडून खुब्याचं हाड मोडलं तर आमच्यावर येतं.” मी म्हटलं, बांधा. वर थँक्यूपण म्हटलं. कुणीतरी काळजी घेतंय म्हणून मला खरंच बरं वाटलं होतं.

रविवारी भेटायला गेले. खुर्ची म्हणजे आपण सगळ्यांनी पाहिलेली असते तीच: स्टीलच्या नळ्या, काळं रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या रंगात ‘कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ’. आजी तिच्यात ओतल्यासारखी पडली होती. कमरेला बांधलेली पट्टी सरकत सरकत बरगड्यांखाली आली होती. हनुवटी छातीला टेकलेली. एक पाय वर ओढून घ्यायची तिची खटपट चालली होती. जन्मभर मांडी घालून बसलेल्या बाईला पाय लोंबकळत ठेवणं जमत नव्हतं. मी काखेत हात घालून तिला वर ओढलं. दहा मिनिटांत ती परत खाली.

“अशी कशी गं घसरतेस सारखी?”

“मी कुठं घसरते? ही खुर्चीच टाकते मला.”

मी हसले. मावशीही हसल्या. स्मृतिभ्रंश झालेली माणसं वस्तूंवर आळ घेतात, हे दोघींना माहीत होतं.

आजी बरोबर होती, हे कळायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत रात्री मोबाइलवर मी या खुर्चीचा इतिहास वाचत बसायचे. सुरुवात अपराधीपणातून झाली होती. नंतर राग आला, आणि रागाने माणूस जास्त वाचतं.

चाकाच्या खुर्चीची गोष्ट सांगणारे बरेच जण स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजापासून सुरुवात करतात. अर्ध्या जगावर राज्य करणारा हा माणूस म्हातारपणी गाउटने इतका जखडला, की त्याला धड चालताही येईना. जेआँ लेरमित नावाचा त्याच्या दरबारातला एक फ्लेमिश सेवक होता. त्याने आपल्या आठवणींत राजाच्या खुर्चीचं वर्णन करून ठेवलंय आणि चित्रही काढलंय, १५९५ च्या आसपासचं. खुर्चीला छोटी चाकं आहेत, घोड्याच्या केसांची गादी आहे, पाय टेकायला फळी आहे, आणि पाठ हवी तितकी मागे झुकवायला दातेरी पट्टी आहे. राजा ती स्वतः चालवू शकत नव्हता. ढकलायला माणसं होतीच की. लेरमितच्या लेखी लाकूड, चामडं आणि साधं लोखंड यांची ती वस्तू सोन्याचांदीहून मोलाची होती, कारण तिने राजाला आराम दिला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही गंमत वाटून सोडून दिली होती. पुढचं वाचल्यावर परत इथे यावं लागलं. ही खुर्ची एका विशिष्ट शरीरासाठी केली होती. त्या शरीराला कुठे दुखतं, पाय कुठवर पोचतात, पाठ किती झुकली की बरं वाटतं, हे विचारून. विचारणं भागच होतं. तो राजा होता. आणि तरीही १५९८ च्या उन्हाळ्यात, एस्कोरियालच्या राजवाड्यात, तो पन्नासहून जास्त दिवस पाठीवर पडून राहिला. हलवलं तरी असह्य वेदना व्हायच्या, म्हणून हलवेनात. पाठीला व्रण पडले. सप्टेंबरमध्ये तो गेला. माणूस एकाच बाजूवर फार वेळ राहिला तर काय होतं, याला राजाही अपवाद नाही.

मधली तीनेकशे वर्षं भराभर ओलांडते. १६५५ मध्ये न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या घड्याळजीने हाताने दांडा फिरवून चालवायची गाडी केली; त्याला स्वतःला चालता येत नव्हतं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बाथ या गावी गरम झऱ्यांवर उपचारासाठी येणाऱ्या श्रीमंत आजाऱ्यांना फिरवायला तीनचाकी ‘बाथ चेअर’ आली. तिचं काम अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारून आणण्याचं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जी चाकाची खुर्ची वापरत, तीही साध्या घरगुती खुर्चीला चाकं लावून केलेली, अरुंद आणि हलकी. तिला सिगारेटसाठी राखदाणीसुद्धा होती. पण रूझवेल्ट तिच्यात दिवसभर बसून राहत नसत. एका खोलीतून दुसरीत जायचं आणि दुसऱ्या खुर्चीत बसायचं, एवढाच तिचा उपयोग.

आजीची खुर्ची १९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मली. म्हणजे तिची पणजी म्हणा. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाण इंजिनीअर. १९१८ मध्ये खाणीतल्या अपघातात त्याची पाठ मोडली. त्या काळच्या लाकडी खुर्च्या अवजड, मोटारीत मावायच्या नाहीत. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज मेकॅनिकल इंजिनीअर होता. दोघांनी मिळून स्टीलच्या नळ्यांची एक खुर्ची बनवली, जिच्या बैठकीखाली दोन नळ्या इंग्रजी एक्ससारख्या एकमेकींवरून जात होत्या. मधून वर उचललं की खुर्ची पुस्तकासारखी मिटते आणि गाडीत मागे जाते. अपंग माणूस घराबाहेर पडू शकतो, नोकरीला जाऊ शकतो. या एक्सने किती लोकांचं आयुष्य मोकळं केलं, त्याला हिशोब नाही, आणि मला त्याबद्दल काही वाकडं बोलायचं नाही.

पण मिटायची म्हटल्यावर बैठक कडक ठेवता येत नाही. तिथे कापड किंवा रेक्झिनच हवं, दोन नळ्यांच्या मध्ये झोळीसारखं ताणलेलं. आणि झोळी कालांतराने झोळीसारखी वागायला लागते.

हे मला नीट कळलं ते एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंमुळे. मैत्रिणीच्या ओळखीने त्या आजीला बघायला आल्या होत्या. त्यांनी मला एका मोकळ्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “हात खाली घाला आणि तुमची बसण्याची हाडं शोधा.” प्रत्येक कुल्ल्याच्या आत एक टणक गाठ लागते, नीट बसलं की वजन त्या दोन हाडांवर येतं. लोंबलेल्या झोळीत मात्र मांड्या आत वळतात, कंबरेचं हाड मागे कलंडतं आणि वजन माकडहाडाकडे जातं. कंबर मागे कलंडली की पाठीचा कणा सीच्या आकारात वाकतो, खांदे पुढे येतात, मान खाली पडते. आता समोरचं दिसायचं तर मान ताणायला हवी. ती ताकद नसेल तर माणूस स्वतःच्या मांडीकडे बघत बसतं आणि येणारे-जाणारे म्हणतात, आजी झोपल्या वाटतं.

त्यात खोली. साध्या खुर्चीची बैठक १८ इंच रुंद आणि १६ इंच खोल असते. आजीच्या कंबरेची रुंदी भरली १३ इंच. ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंतचं अंतर जेमतेम १६, म्हणजे बैठकीची पुढची कड बरोबर तिच्या पोटरीवर रुतायची. गुडघ्यामागे दोन बोटं तरी मोकळी राहायला हवीत. नाही राहिली, तर शरीर स्वतःच पुढे सरकून ती जागा करून घेतं. शिवाय तिचे पाय खालच्या पट्टीपर्यंत पोचतच नव्हते. लोंबकळणारे पाय मांडीला पुढे ओढतात. तीन कारणं, तिन्हींची दिशा एकच. ही खुर्चीच टाकते मला.

इथे मला एक प्रश्न पडला. मोटारीत घालायला केलेली खुर्ची म्हाताऱ्या माणसांच्या दिवसभराच्या बसण्याची जागा कधी झाली? त्याचं उत्तर शोधताना एक फार चांगली डॉक्टर भेटली, आणि तिच्यामुळे गोष्ट जराशी अवघडच झाली.

मार्जरी वॉरन. लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात त्या काम करत. १९३५ मध्ये शेजारच्या वर्कहाऊसचं, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी जागेचं, रुग्णालय त्यांच्या हॉस्पिटलला जोडलं गेलं आणि तिथले ७१४ रुग्ण वॉरनबाईंच्या पदरात पडले. बहुतेक म्हातारे, कितीतरी जण वर्षानुवर्षं खाटेवर पडून. त्यांना नेमकं काय झालंय, हे कुणी बघितलंच नव्हतं. ‘जुनाट’ हे एकच निदान. वॉरननी प्रत्येकाला तपासलं, गट पाडले, भिंतींना उजळ रंग दिला, धरून चालायला कठडे लावले आणि माणसांना खाटेवरून उठवलं. बरेच जण चालायला लागले, काही घरी गेले. खाटांची गरज २४० च्या आसपास आली. वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा व्हावी, हा आग्रह त्यांचाच.

१९४७ मध्ये रिचर्ड अॅशर या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला, ‘अंथरुणाला खिळण्याचे धोके’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. (हाच अॅशर, ज्याने खोटी आजारपणं रचणाऱ्यांच्या विकाराला मुंचौसेनचं नाव दिलं. त्याचं गद्य मिश्कील आहे, जरूर वाचा.) अंथरुणात पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, हाडं झिजतात, स्नायू आटतात, कातडी फाटते, मन मरतं, असं त्याने एकेका अवयवाचा पंचनामा करून दाखवलं. तोवर विश्रांती हेच औषध मानलं जायचं.

दोघांचं म्हणणं खरं होतं. उठवा. पण उठवून पुढे चालवायला हात लागतात, वेळ लागतो, पगारी माणसं लागतात. ती नसली की उठवलेलं माणूस जवळच्या खुर्चीत बसतं आणि तिथेच राहतं. सकाळी सात ते संध्याकाळी सात. वॉर्ड बघणाऱ्याला दिसतं की सगळे उठून बसलेत, छान. माझ्या मते वॉरनबाईंच्या लढाईचा उत्तरार्ध असा खुर्चीत हरला गेला, आणि याचा दोष त्यांच्याकडे मुळीच जात नाही. आमच्या आश्रमातही भिंतीवर पाटी होती: ‘आजी-आजोबांना दिवसा झोपू देऊ नये.’ चांगल्याच हेतूने लावलेली.

बेडसोअर खाटेवरच होतात असं नावावरून वाटतं. व्रण होतो कसा, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. पॅरिसचा नामवंत न्यूरॉलॉजिस्ट शार्को म्हणायचा की मज्जातंतू बिघडले की कातडी आपोआप मरते, इलाज नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी १८५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की रुग्णाला असा व्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग उघडला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायचा नियम केला. मरणार असं धरून चाललेली पोरं जगली. त्याच गुटमननी पुढे त्यांच्यासाठी सुरू केलेल्या खेळांतून पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ मध्ये हायडलबर्गला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्ण मिळवलं, ते त्याच खेळांत. ‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल तुम्ही.

मग १९५८ मध्ये रायकेल नावाच्या डॉक्टरने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक मुद्दा मांडला, जो वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. नुसत्या दाबाने कातडी मरते हे माहीत होतं. रायकेलने घसरण्याकडे बोट दाखवलं. माणूस टेकून बसलाय आणि पुढे सरकतोय. कातडी खालच्या कापडाला चिकटून जागच्या जागी राहते, आतलं हाड मात्र पुढे जातं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, मुडपतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि आत मांस मरायला लागतं. याला शिअर म्हणतात. पुढच्याच वर्षी मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून वेळेचं गणित दाखवलं: मोठा दाब थोडा वेळ जे करतो, तेच छोटा दाब बराच वेळ राहिला तरी होतं.

तरुण, हातात बळ असलेल्या व्हीलचेअर वापरणाऱ्याला शिकवतात की थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन ढुंगण उचल, किंवा पुढे वाक, कडेला कल. आजीला हे शिकवणार कोण, आणि शिकवलं तरी दुपारपर्यंत तिच्या लक्षात राहणार कसं? तिच्या शरीराला एकच हालचाल येत होती, पुढे घसरण्याची. नकोशा जागेवरून वजन काढण्याची तिची ती पद्धत होती. आणि तेवढी एक हालचाल मी फोनवरून बंद केली होती. पट्टीने घसरणं थांबलं नाही. वरचा भाग अडकला, खालचा घसरत राहिला.

बांधण्याचाही इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात सविस्तर नोंदलेला भाग अमेरिकेतला आहे. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आल्यावर तिथे नर्सिंग होम भराभर वाढली. सरकारी पैसा आला. पण घरी वापरायच्या खुर्चीसाठी मेडिकेअर वेगळे पैसे देई, आणि नर्सिंग होम हे त्यांच्या व्याख्येत ‘घर’ नव्हतं. तेव्हा तिथली खुर्ची संस्थेनेच आणायची. संस्था घाऊक आणणार, एका मापाची, मिटून कोपऱ्यात लागणारी. म्हातारी माणसं तिच्यातून घसरायला लागली, की कमरेला पट्टा, छातीला जाकीट, नाहीतर समोर कुलूपबंद ट्रे असलेली ‘जेरी-चेअर’. ट्रेवर जेवण ठेवता येतं म्हणून ती वाईटही दिसत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नर्सिंग होममधल्या साधारण पाचांपैकी दोन जणांना या ना त्या प्रकारे बांधलेलं असे.

लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या दोघी पेनसिल्व्हेनियातल्या परिचारिका-संशोधक. १९८९ मध्ये त्यांनी बांधण्याच्या बाजूचा पुरावा शोधायला सगळं जुनं लेखन उपसलं. हाती फारसं काही लागलं नाही. बांधलं की पडत नाहीत, हे सगळ्यांना ‘माहीत’ होतं इतकंच. १९९२ मध्ये मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी कनेटिकटच्या नर्सिंग होममधल्या ३९७ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. न बांधलेल्यांपैकी ५ टक्क्यांना पडून गंभीर इजा झाली. बांधलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. बांधलेली माणसं आधीच जास्त अशक्त असणार, हे धरून हिशोब केला तरी बांधण्याने इजा कमी झाल्याचं दिसेना. पट्ट्यात गळा किंवा छाती अडकून माणसं मेल्याचेही प्रकार होते. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला.

आजीची पट्टी बरगड्यांखाली आली होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याआधीच, १९८७ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला होता: शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायचं नाही. तो १९९० पासून लागू झाला आणि पट्टे सुटायला लागले. २००७ पर्यंत बांधलेल्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. मला खरा रस वाटला तो पट्टे सुटल्यावर काय झालं यात. माणसं पूर्वीइतकीच घसरत होती. आता बांधायची सोय नव्हती. तेव्हा कुठे लोकांनी वाकून खुर्चीकडे पाहिलं. ओरेगॉनमधल्या जोअॅन रेडर या परिचारिकेने सहकाऱ्यांबरोबर लिहिलेले १९९९-२००० चे लेख मी वाचले, ते याचबद्दल: प्रत्येकाचं माप घ्या, बैठक कडक करा, पाय टेकवा, मग बघा बांधायची गरज किती उरते.

तरुण अपंगांनी हे आधीच करून घेतलं होतं. मिटणाऱ्या खुर्चीच्या बाजारावर एव्हरेस्ट अँड जेनिंग्जची पकड इतकी होती, की १९७७ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीचा खटला भरला. मॅरिलिन हॅमिल्टन ही १९७८ मध्ये हँग ग्लायडिंगच्या अपघातात जायबंदी झाली. मिळालेल्या बोजड खुर्चीला वैतागून तिने ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांकडून हलकी खुर्ची करून घेतली. न मिटणारी, अंगाला बसणारी, भडक रंगांची. त्यातून ‘क्विकी’ हा ब्रँड निघाला. म्हणजे ज्यांना दुकानात जाऊन भांडता येत होतं, त्यांची खुर्ची बदलली. ज्यांची खुर्ची दुसरंच कुणीतरी विकत घेत होतं, त्यांची राहिली.

उशीबद्दलही थोडं. बाजारात हवेच्या, जेलच्या, फोमच्या उशा मिळतात आणि प्रत्येक विकणारा शपथेवर बोलतो. पिट्सबर्गच्या डेव्हिड ब्रिएन्झा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटला. नर्सिंग होममधले २३२ धोक्यातले लोक, सहा महिने. सगळ्यांना आधी मापाची खुर्ची दिली. मग निम्म्यांना साधी फोमची उशी, निम्म्यांना कातडीची काळजी घेणारी खास उशी. बसण्याच्या हाडांवर व्रण झाले ते फोमवाल्यांत ६.७ टक्क्यांना, खास उशीवाल्यांत ०.९ टक्क्यांना. मोठाच फरक आहे हा. पण माकडहाडाजवळचे व्रण मोजणीत धरल्यावर तो तितका ठाम राहिला नाही. तिथले व्रण खाटेवरही होतात. आणि ‘आधी मापाची खुर्ची’ हे वाक्य जाहिरातींत नसतं.

आपल्याकडे काय? कायद्यांची नावं मी थेरपिस्ट बाईंना अभिमानाने सांगितली. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा: जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे निराधार वृद्धांचा वृद्धाश्रम. २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना: गरीब ज्येष्ठांना फुकट साधनं, त्यात व्हीलचेअर. २०२४ ची राज्याची मुख्यमंत्री वयोश्री: खात्यात एकदाच ३००० रुपये. बाई म्हणाल्या, “माप कोण घेतं?” जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साधनं कमी असलेल्या देशांसाठी व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. त्यात माणसाला तपासणं दुसऱ्या पायरीवर आहे आणि खुर्ची तयार करणं पाचव्या. आपण पाचवीवरून सुरुवात करतो आणि फोटो काढून तिथेच थांबतो. बांधण्याबद्दल आपल्याकडे स्पष्ट शब्द सापडतात ते २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम ९७: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. तो मानसिक आरोग्य संस्थांपुरता. आमच्या आश्रमात त्या मजल्यावर दिवसा दोन मावशी आणि बावीस म्हातारी माणसं होती. मावशींना मी काय बोलणार?

बाईंनी फार काही केलं नाही. सुताराकडून बारा मिलीमीटरची प्लायवूडची फळी कापून आणली, झोळीवर बसेल अशी, खाली सरकू नये म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्या. तिच्यावर दाट फोमची उशी. दोन्ही बाजूंना रिकामी राहिलेली जागा भरायला फोमचे ठोकळे, पाठीमागे दोन इंची कडक गादी, म्हणजे बैठकीची खोली कमी झाली. पायाखाली लाकडी ठोकळा. मग आजीची कंबर दोन्ही हातांनी धरून मागे नेली, आणि म्हणाल्या, “कंबर पहिली. कंबर बसली की बाकीचं येतं मागोमाग.” दर दोन तासांनी खाटेवर आडवं करायचं, हेही मावशींकडून कबूल करून घेतलं. ते रोज झालं असं मी म्हणणार नाही.

आजी मान वर करून बसली. तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, “मागच्या महिन्याचं पान आहे गं ते. कुणी उलटलं नाही.” कालनिर्णय खरंच मागच्या महिन्याचं होतं. ते तिच्या समोरच होतं, पण इतके दिवस तिला दिसत नव्हतं.

जादू झाली नाही. दुपारी जेवणानंतर ती थोडी घसरायचीच, मावशी वर घ्यायच्या. पट्टी दुसऱ्या आठवड्यात सुटली. एक पाय वर घ्यायची खोड राहिली, आणि आता बैठक कडक असल्याने तिला तो कधी कधी घेताही यायचा.

सात महिन्यांनी, फेब्रुवारीत, ती झोपेत गेली. सामान घ्यायला गेले तेव्हा खुर्ची जिन्याखाली मिटून ठेवलेली होती, आणखी तिघींच्या शेजारी. मावशींनी पिशवी दिली: दोन गाऊन, चष्मा, जपमाळ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती फळी.

“फळी राहू दे की मावशी, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.”

“ठेवली असती ओ ताई,” त्या म्हणाल्या. “पण ती घातली की खुर्ची मिटत नाही. आणि इथं जागा कुठंय?”